चालीचा उल्लेख : मुक्त परवान्याचे संगीत आणि वर्गातील प्रकल्प

जुन्या संगीत नाटकाची छापील प्रत उघडली, की पदाच्या डोक्यावर एक छोटी ओळ हमखास दिसते. 'चाल' हा शब्द आणि त्यापुढे, ज्या गाण्यावरून ती चाल घेतली त्याचे पहिले शब्द. किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पासून (१८८०) देवलांच्या 'शारदे'पर्यंत (१८९९) ही पद्धत सर्रास आढळते. साकी, दिंडी, लावणी, कानडी पदे, हिंदुस्थानी ठुमऱ्या अशा कितीतरी ठिकाणांहून चाली आल्या आणि मराठी शब्दांना येऊन मिळाल्या. त्या ओळीचा मूळ हेतू अगदी व्यावहारिक होता. स्वरलिपी सर्वांना वाचता येत नव्हती, तेव्हा पद कसे गायचे हे नटाला कळावे, एवढ्यासाठीच ती छापली जाई. तथापि त्या व्यावहारिक गरजेतून एक सांस्कृतिक नोंदही सिद्ध झाली. आपण जे गातो आहोत ते कोठून आले, हे गाणाऱ्याने आणि छापणाऱ्याने उघडपणे सांगितले.

अर्थात या नोंदीला मर्यादा होत्या. तीत गाण्याचे नाव असे, ते बांधणाऱ्याचे बहुधा नसे. परवानगी मागण्याचा तर प्रश्नच उद्भवत नव्हता. मूळ स्रोत, कर्त्याचे नाव आणि वापराची अनुमती या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि संगीताच्या कायद्याचा इतिहास म्हणजे या तिन्हींच्या एकमेकींशी पडलेल्या गाठींचा आणि ताटातुटींचा इतिहास आहे. आज मराठीच्या विद्यार्थ्याने पोवाड्यावर, ओवीवर किंवा नाट्यपदांवर दृक्-श्राव्य प्रकल्प करायचा म्हटला, की याच तीन गोष्टी त्याच्यासमोर येऊन उभ्या राहतात. बहुतेक वेळा दोनपैकी एक पर्याय स्वीकारला जातो : एक तर मिळेल ते गाणे बेधडक उचलले जाते, नाही तर भीतीपोटी संगीतच गाळले जाते. पहिल्यात दुसऱ्याच्या श्रमाची उपेक्षा होते. दुसऱ्यात नाट्यपदाचा अभ्यास मुका होतो, आणि जे वाङ्मय गाण्यासाठीच जन्मले त्याचा निव्वळ शब्दांवरून विचार करण्याची आपली जुनी खोड पुन्हा पक्की होते. मुक्त परवान्याच्या संगीताने या दोहोंमधला मार्ग उपलब्ध करून दिला आहे. तो नीट समजायचा, तर थोडे मागे जावे लागते.

संगीत ही मालमत्ता आहे, ही कल्पना फार प्राचीन नाही. इंग्लंडमध्ये १७१० साली अमलात आलेला ॲन राणीच्या काळातील कायदा पुस्तकांसाठी होता. छापील संगीत हे 'लेखन' ठरते की नाही, हा प्रश्न योहान क्रिस्तियान बाख याने लंडनच्या न्यायालयात नेला, आणि १७७७ मध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी ते लेखनच ठरवले. म्हणजे संगीताला हक्क मिळाला तो कागदाच्या आधाराने. ते वाजवले जाण्याबद्दलचा प्रसिद्ध झगडा पॅरिसमध्ये झाला. १८४७ साली एर्नेस्त बूर्जे हा गीतकार आपल्या मित्रांसह एका संगीत-कॅफेत बसला असता तेथे त्यांचीच गाणी चालली होती. तुम्ही आमच्या गाण्यांचे पैसे देत नाही, तर आम्ही तुमच्या पेयाचे का द्यावेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रकरण न्यायालयात गेले, बूर्जेची सरशी झाली आणि त्यातूनच १८५१ मध्ये 'सासेम' ही संगीतकारांच्या वतीने मानधन गोळा करणारी संस्था उभी राहिली. पुढे यंत्रे आली. छिद्रे पाडलेल्या कागदी गुंडाळीवर आपोआप वाजणारा पियानो निघाला, तेव्हा माणसाला वाचता न येणारी ती गुंडाळी म्हणजे संगीताची प्रत नव्हे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये दिला. पुढच्याच वर्षी तेथील संसदेला कायदा बदलून यांत्रिक पुनरुत्पादनाचे शुल्क ठरवून द्यावे लागले. प्रत्येक नव्या तंत्राबरोबर 'प्रत' या शब्दाचा अर्थ बदलत गेला, आणि त्याबरोबर हक्काची हद्दही.

आपल्याकडे ध्वनिमुद्रण आले ते १९०२ साली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि गौहर जान यांच्यासारख्या गायिकांचे आवाज तबकडीवर उतरले. कायदा त्यामागून आला. १९१४ चा भारतीय कायदा हा ब्रिटनच्या १९११ च्या कायद्याचेच रूपांतर होता. स्वतंत्र भारताचा प्रताधिकार कायदा १९५७ चा. त्यात 'संगीतकृती'ची जी व्याख्या होती, ती साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहण्याजोगी आहे. छापलेली, लिहिलेली किंवा अन्य प्रकारे आलेखित केलेली स्वररचना म्हणजे संगीतकृती, असे तो कायदा म्हणत होता. गुरूने शिष्याच्या कंठात ठेवलेली, कागदावर कधीही न उतरलेली बंदिश या व्याख्येत बसत नव्हती. ज्या देशातील संगीताची परंपरा प्राधान्याने मौखिक, त्या देशाच्या कायद्याला कागद लागत होता. ही अट १९९४ च्या दुरुस्तीने गेली. आज संगीतकृती म्हणजे संगीत. स्वरलेखन असले तर तेही त्यात येते, आणि त्या संगीताबरोबर गायचे शब्द मात्र वेगळे धरले जातात.

'शब्द वेगळे' हीच या विषयाची किल्ली आहे. आपण ज्याला एक गाणे म्हणतो, त्यात कायद्याला अनेक थर दिसतात : गीताचे शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती, मुद्रण ही ध्वनिमुद्रित कृती, आणि १९९४ च्या दुरुस्तीपासून गायक-वादकाचा स्वतंत्र हक्क. शब्द आणि चाल यांचे संरक्षण कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते. पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपत आल्यावर ती वाढवली गेली, आणि ही वाढ १९९२ च्या दुरुस्तीने कायम झाली. ध्वनिमुद्रणाची मुदत मात्र प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे मोजली जाते.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. खाडिलकरांचे 'मानापमान' १९११ साली रंगभूमीवर आले, चाली गोविंदराव टेंबे यांच्या. खाडिलकर १९४८ मध्ये निवर्तले. त्यामुळे पदांचे शब्द २००९ च्या आरंभापासून सार्वजनिक झाले. टेंबे १९५५ मध्ये गेले. त्यांच्या चाली २०१६ च्या आरंभापासून मोकळ्या झाल्या. बालगंधर्वांच्या आवाजातील १९३० च्या आसपासची एखादी जुनी तबकडी असेल, तर तिच्या मुद्रणाचीही मुदत केव्हाच उलटली आहे. याउलट तेच पद १९९० च्या दशकात एखाद्या गायकाने नव्याने गाऊन ध्वनिफितीवर प्रकाशित केले असेल, तर शब्द मोकळे, चाल मोकळी, पण ते मुद्रण संरक्षित, अशी स्थिती असते. उलट बाजूचेही उदाहरण घ्यावे. १९५५ च्या चित्रपटगीताच्या मुद्रणाची मुदत संपली असली, तरी गीतकार आणि संगीतकार त्यानंतर बरीच वर्षे हयात असतील, तर त्यांचे हक्क अजून शाबूत असतात. 'जुने आहे, म्हणजे चालेल' हे विधान म्हणूनच कायद्यापुढे अर्धवट ठरते. कोणता थर जुना, हे विचारावे लागते.

येथे आणखी एक सूचना आवश्यक आहे. ही सर्व गणना भारतातील. १९२३ पूर्वी प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणे अमेरिकेत सार्वजनिक झाली ती १ जानेवारी २०२२ रोजी, २०१८ च्या कायद्यानुसार. त्यानंतरच्या काळातील मुद्रणांना तेथे त्याहून दीर्घ मुदत आहे. तेथील एखाद्या मराठी शाळेने भारतात मोकळी झालेली तबकडी आपल्या संकेतस्थळावर ठेवायची म्हटली, तर तिला तेथील हिशेब पाहावा लागेल.

मग वर्गात संरक्षित गाणे लावताच येत नाही काय? असे मुळीच नाही. भारतीय कायद्याच्या कलम ५२ ने शिक्षणाला बरीच मोकळीक दिली आहे. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने कृतीची प्रत करणे हा भंग मानला जात नाही. २०१२ पर्यंत या तरतुदीत साहित्य, नाट्य, संगीत आणि कला एवढ्यांचाच उल्लेख होता. त्या वर्षीच्या दुरुस्तीने 'कोणतीही कृती' असा शब्दप्रयोग आला आणि ध्वनिमुद्रणही तीत सामावले. त्याचप्रमाणे संस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी सादर केलेले संगीत, किंवा केवळ विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित व्यक्ती अशा मर्यादित श्रोत्यांपुढे वाजवलेली ध्वनिमुद्रिका, हेही मुभेत येते. तीन परदेशी प्रकाशनसंस्थांनी दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींविरुद्ध २०१२ मध्ये दावा लावला होता. त्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली 'अध्यापनाचा ओघ' याचा अर्थ प्रत्यक्ष तासापुरता संकुचित नाही, असे स्पष्ट केले. शिक्षकांनी हा निर्णय माहीत करून घेतला पाहिजे, कारण अकारण भीतीनेही अध्यापनाचे नुकसान होते.

परंतु या मुभेची भिंत आहे ती वर्गाची. विद्यार्थ्याने बनवलेली ध्वनिचित्रफीत स्पर्धेला पाठवली, महाविद्यालयाच्या वाहिनीवर सर्वांसाठी खुली ठेवली किंवा प्रवेशाच्या जाहिरातीत वापरली, की श्रोते मर्यादित राहत नाहीत आणि अध्यापनाचा ओघही संपतो. आजचा प्रकल्प तर वहीत राहण्यासाठी केलेलाच नसतो. भिंतीपलीकडच्या या प्रदेशात शिक्षणाची मुभा पुरत नाही. तेथे मुक्त परवान्याचे महत्त्व सुरू होते.

मुक्त परवान्याची कल्पना संगणकाच्या क्षेत्रातून आली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये 'जीएनयू' सार्वजनिक परवान्याद्वारे दाखवून दिले, की प्रताधिकाराचा उपयोग कुलूप लावण्यासाठी होतो तसा दार उघडे ठेवण्यासाठीही करता येतो. हक्क सोडायचा नाही, त्याच हक्काच्या बळावर वापरणाऱ्याला आगाऊ परवानगी द्यायची. ही युक्ती पुस्तके, पाठ्यसामग्री अशा आशयाकडे वळवण्याचा आरंभीचा प्रयत्न डेव्हिड वायली या शिक्षणक्षेत्रातील अभ्यासकाने १९९८ साली केला, ही गोष्ट आपल्या दृष्टीने लक्षणीय आहे. त्याच वर्षी अमेरिकेने प्रताधिकाराची मुदत आणखी २० वर्षांनी वाढवली. सार्वजनिक होऊ घातलेली पुस्तके महाजालावर ठेवू पाहणाऱ्या एरिक एल्ड्रेड यांनी तिला आव्हान दिले. त्यांची बाजू लॉरेन्स लेसिग यांनी मांडली. जानेवारी २००३ मध्ये ते हरले. तत्पूर्वीच, २००१ मध्ये, या मंडळींनी 'क्रिएटिव्ह कॉमन्स' ही संस्था स्थापली होती आणि डिसेंबर २००२ मध्ये तिचे पहिले परवाने प्रसिद्ध झाले होते. कायदा बदलत नसेल, तर कर्त्यांनी आपल्या हातातील हक्क वेगळ्या रीतीने वापरावा, असा हा मार्ग होता. भारतात या परवान्यांचा आरंभ जानेवारी २००७ मध्ये आयआयटी मुंबईच्या आवारात झाला.

संगीतकारांनी या कल्पनेला लवकर प्रतिसाद दिला. नोव्हेंबर २००४ मध्ये 'वायर्ड' या अमेरिकी मासिकाने आपल्या अंकाबरोबर १६ गीतांची एक तबकडी वाटली. तीत डेव्हिड बर्न, बीस्टी बॉईज यांच्याबरोबर त्या काळी ब्राझीलचे सांस्कृतिक मंत्री असलेले गायक जिल्बेर्तो जिल यांचेही गीत होते, आणि ती सारी गीते इतरांनी तुकडे घेऊन पुन्हा वापरावीत अशाच परवान्यांखाली दिलेली होती. २०१२ मध्ये पियानोवादक किमिको इशिझाका यांनी लोकवर्गणीच्या साहाय्याने बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'चे मुद्रण केले आणि स्वरलेखनासह ते पूर्णपणे सार्वजनिक केले. वरवर पाहता हे अनाठायी वाटेल. बाख १७५० मध्ये वारला, मग त्याला मोकळे करायचे कशाला? पण थरांचा विचार केला की उत्तर सापडते. रचना मोकळी होती. नव्या, चांगल्या मुद्रणांवर मात्र हक्क होते.

या परवान्यांच्या इतिहासातील एक तपशील मला सर्वांत बोलका वाटतो. पहिल्या आवृत्तीत कर्त्याचा नामनिर्देश ही ऐच्छिक अट होती. तो नको असणाऱ्यांसाठीही परवाने होते आणि एकूण परवाने अकरा होते. दीड वर्षाच्या अनुभवानंतर असे दिसले, की ९७-९८ टक्के कर्ते नामनिर्देशाची अट निवडतात. तेव्हा २००४ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती सर्वच परवान्यांत कायम करण्यात आली आणि मुख्य परवाने सहा उरले. आपली निर्मिती विनामूल्य देण्यास माणसे तयार होती. आपले नाव पुसले जावे, याला मात्र जवळजवळ कोणीच तयार नव्हते. अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा आणि ख्यालाच्या बंदिशीत सापडणारे 'सदारंग' हे नाव ज्यांच्या परिचयाचे आहे, त्यांना या आकड्याचे आश्चर्य वाटू नये.

आता प्रत्यक्ष प्रकल्पाकडे येऊ. सहा परवाने चार अटींच्या जुळणीतून बनतात. नामनिर्देश सर्वांत आहे. त्याखेरीज 'समान परवाना', 'अव्यापारी वापर' आणि 'फेरफार नको' या अटी कर्ता जोडू शकतो. संगीताच्या बाबतीत येथे एक खाच आहे, जी पुष्कळांच्या लक्षात येत नाही. २००४ च्या आवृत्तीपासून परवान्यात स्पष्ट म्हटले आहे, की हलत्या चित्राशी संगीताची कालबद्ध जुळणी केली, तर ते नेहमीच रूपांतर समजावे. म्हणून 'फेरफार नको' ही अट असलेले गीत जसेच्या तसे ऐकवता येते, त्याची प्रतही देता येते, पण माहितीपटाखाली पार्श्वसंगीत म्हणून वापरून ती चित्रफीत प्रसिद्ध करता येत नाही, मग एकही स्वर बदललेला नसला तरी. त्याच न्यायाने 'समान परवाना' असलेले संगीत माहितीपटात घेतले, तर तो सबंध माहितीपट त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. अशी दोन गीते, एक अव्यापारी अटीचे आणि एक त्याविना, एकाच चित्रफितीत आली तर दोन्ही अटी एकदम पाळणे अशक्य होते. 'अव्यापारी' हे वापरावरून ठरते, वापरणाऱ्यावरून नाही. महाविद्यालय धर्मादाय असले, तरी त्याची जाहिरात आपोआप अव्यापारी ठरत नाही.

नवख्या विद्यार्थ्याला म्हणून दोनच प्रकार सुचवावेत : केवळ नामनिर्देशाची अट असलेले संगीत, किंवा कर्त्याने सर्व हक्क सोडून 'सीसी झिरो' या खुणेखाली दिलेले. दुसऱ्या प्रकारात नाव देण्याचे कायदेशीर बंधन नसते. तरीही द्यावे, कारण ती अभ्यासाची शिस्त आहे. नामनिर्देशात चार गोष्टी याव्यात : कृतीचे शीर्षक, कर्ता, मिळाल्याचे ठिकाण आणि परवान्याचे नाव त्याच्या आवृत्तीसह. फेरफार केला असल्यास तोही नमूद करावा. वर सांगितलेले मुद्रण वापरले, तर श्रेयनामावलीतील ओळ अशी होईल : 'पार्श्वसंगीत : गोल्डबर्ग व्हेरिएशन्स, रचना : योहान सेबास्टियन बाख, पियानो : किमिको इशिझाका, ओपन गोल्डबर्ग व्हेरिएशन्स प्रकल्प, २०१२, सीसी झिरो, केवळ आरंभीचा भाग घेतला आहे.' एवढे लिहिताना विद्यार्थी नकळत रचनाकार आणि वादक यांत भेद करायला शिकतो. हा भेद आपल्या कित्येक समीक्षालेखांतही पाळलेला नसतो.

परवान्याची नोंद उतरवून घेण्याच्या दिवशीच, तारखेसह जतन करून ठेवावी. 'फ्री म्युझिक आर्काइव्ह' हा मोठा संग्रह अमेरिकेतील एका नभोवाणी केंद्राने २००९ मध्ये उघडला. २०१८ मध्ये तो बंद होणार असे जाहीर झाले आणि वर्षभरातच तो दुसऱ्या संस्थेच्या हाती गेला. एकदा दिलेला परवाना कर्त्याला मागे घेता येत नाही, पण तो दिला होता याचा पुरावा असलेले पान मात्र नाहीसे होऊ शकते.

मराठीच्या वर्गात या सर्वांहून नाजूक प्रश्न उद्भवतो तो लोकगीतांचा. लोकगीताला कर्ता नाही, म्हणून त्यावर कोणाचा हक्क नाही, असे आपण सहज म्हणून जातो. रचनेपुरते ते बहुधा खरे असते. पण ओवी कोणीतरी गायलेली असते आणि कोणीतरी मुद्रित केलेली असते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून त्या क्रमशः प्रसिद्ध करण्यास घेतल्या, तेव्हा ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गावही दिले. त्या ओव्या वापरताना संग्रहाच्या अटी पाळाव्यात हे तर झालेच, परंतु ते नाव आणि ते गाव आपल्या प्रकल्पात उतरले नाही, तर संग्राहकांनी इतक्या वर्षांच्या श्रमाने जपलेली गोष्ट आपण एका क्षणात गमावतो. ज्या बाईचा आवाज आपण ऐकवला, ती पुन्हा 'लोक' या सामान्यनामात विरून जाते.

म्हणून मुक्त परवान्याचे संगीत याचा अर्थ फुकट संगीत असा करू नये. त्याला किंमत आहे. ती पैशांत मोजायची नाही, इतकेच. ती नावात आणि अटी पाळण्यात मोजायची आहे. हाच व्यवहार उलट दिशेनेही व्हायला हवा. विद्यार्थी स्वतः पोवाडे मुद्रित करतात, आजीच्या ओव्या नोंदवतात, मोकळी झालेली नाट्यपदे नव्याने गातात. गाणाऱ्याची संमती घेऊन हे मुद्रण योग्य परवान्याखाली ठेवले, तर पुढच्या वर्षीच्या वर्गाला ते वापरता येईल. मराठी संगीताचा मुक्त साठा असाच वाढू शकतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या नाटककाराने चाल कोठली हे पदाच्या डोक्यावर छापले. त्याला जे सांगता आले नव्हते, म्हणजे ती कोणाची आणि त्याने कोणत्या अटीवर दिली, तेवढे आपल्या विद्यार्थ्यांनी आता त्या ओळीला जोडायचे आहे.